क्रिकेटच्या जुन्या पॅडमधून हॉकी गोलकीपरचे पॅड

१४ फेब्रुवारी १८९६ रोजी विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलकीपर जॉर्ज मेरिट मॉन्ट्रियलच्या बर्फावर क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला. सामना कॅनडातल्या आइस हॉकीच्या मानाच्या स्टॅनली कपचा होता. मेरिटने एकही गोल होऊ दिला नाही आणि विनिपेगने तो २-० असा जिंकला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आइस हॉकीचे गोलकीपर क्रिकेटचेच पॅड वापरत राहिले. खेळ उघडउघड व्यावसायिक झाला, पगारी गोलकीपर आले, तरी पायाला तेच वेताचे पॅड.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे सिमेंटच्या कोर्टावर स्केट्स घालून किंवा नुसत्या बुटांवर हॉकी खेळणाऱ्या मुलांची अडचण साधारण मेरिटसारखीच असते. क्रिकेटचे पॅड घरोघरी सापडतात, गोलकीपरचे पॅड मात्र सहज मिळत नाहीत आणि बाहेरून मागवले तर वाढत्या वयाच्या पोराला दोन वर्षांत तोकडे पडतात. या लेखात क्रिकेटच्या जुन्या जोडीला रुंद करून, आपल्याकडच्या सामानात, गोलकीपरचे पॅड कसे बनवायचे ते दिलं आहे. रीत मूळ कॅनडातली आहे.

आधी एक गोष्ट पक्की ठरवा. हे पॅड टेनिस बॉल किंवा तसल्याच हलक्या बॉलच्या सरावासाठी आहेत. टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम असतं. मैदानी हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि आइस हॉकीची रबरी पक, म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची चकती, १५६ ते १७० ग्रॅमची. वजन जवळपास तिप्पट आणि वर कडकपणा. त्या माऱ्यापुढे घरी शिवलेल्या पॅडवर विसंबू नका. तिथे विकतचंच साहित्य हवं.

क्रिकेटच्या पॅडमध्ये काय चुकतं

फलंदाजाला पॅडकडून एवढंच हवं असतं की पाय वाचावा. बॉल पॅडला लागून कुठे गेला याची त्याला फारशी फिकीर नसते, लेग-बाय मिळाला तर बरंच. म्हणून क्रिकेटचा पॅड नडगीभोवती गोल वळलेला असतो. गोलकीपरला हीच गोलाई नडते. बॉल पॅडच्या बाजूला लागला की मागे सरकतो, आणि गोलकीपरच्या मागे जाळं असतं. बॉल अडवला म्हणून लोक टाळ्या वाजवतात तोवर तो आत गेलेला असतो.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात घोड्यांचा साज बनवणाऱ्या एमिल 'पॉप' केनेस्की या कारागिराने १९२४ च्या सुमारास यावर उपाय काढला. क्रिकेटच्या पॅडच्या दोन्ही कडांना भरीव लोड शिवून त्याने पॅड १२ इंच रुंद आणि समोरून सपाट केला. हॅमिल्टन टायगर्सचा गोलकीपर जेक फोर्ब्सने ते पॅड वापरले आणि लवकरच इतर गोलकीपरही केनेस्कीच्या दारात आले. पॅडची रुंदी इतकी उपयोगी ठरली की नियम करावा लागला. एनएचएल या व्यावसायिक लीगने १९२५ मध्ये १२ इंचांची मर्यादा घातली आणि १९२७ मध्ये ती १० इंचांवर आणली.

आपण ११ इंचांवर थांबायचं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पायात १२ इंची पॅड चालताना एकमेकांवर आपटतात, मग मूल फेंगडं चालायला लागतं आणि दोन पायांमध्ये भोक पडतं.

सामान

जुनी जोडी निवडताना वरच्या कापडाकडे पाहू नका, ते झाकलंच जाणार आहे. आतल्या उभ्या पट्ट्या पाहा. वेत असेल तर मोडलेला नको, फोम असेल तर अंगठ्याने दाबल्यावर परत फुगला पाहिजे. पॅड पायाला लावून गुडघ्याचा मध्य पॅडच्या गुडघ्याच्या पट्टीत बसतो का ते बघा. तिथे दोन इंचांचा फरक असेल तर ती जोडी सोडून द्या. लांबी नंतर दुरुस्त होत नाही.

एका जोडीला लागणारं बाकीचं सामान असं:

- जाड कॅनव्हास, १ मीटर (३६ इंच पन्हा). ताडपत्रीच्या दुकानात मिळतो. प्लास्टिकची ताडपत्री नको.
- कापडी पाठ असलेलं रेक्झिन, १ मीटर (५४ इंच पन्हा). गाडीच्या सीट शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे.
- भरण्यासाठी पिंजलेली रुई आणि सावरीचा कापूस मिळून ६०० ग्रॅम.
- ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा नमदा, किंवा चपलेच्या तळव्याची तेवढ्याच जाडीची शीट. प्रत्येकी ७ बाय १४ इंचांचे दोन तुकडे.
- पाऊण इंच रुंद चामडी पट्टे आणि बकलं, प्रत्येक पॅडला चार.
- मेण लावलेला जाड नायलॉन दोरा, दाभण, आरी, थोडं चपलेचं सोल्युशन.

नमद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक तो टाळतात आणि तिथेच पॅड फसतो. नमदा म्हणजे दाबून बसवलेली लोकर. खोगिराखाली घोड्याच्या पाठीला लागू नये म्हणून घालतात तो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात खोगीर, लगाम आणि साजवाल्यांच्या पालांवर नमदा आणि चांगले चामडी पट्टे दोन्ही एकाच फेरीत मिळून जातात. केनेस्की याच धंद्यातला होता, त्यामुळे पॅडचं निम्मं सामान साजवाल्याकडे असतं यात नवल नाही. एरवी गावातल्या चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराकडून शीट घ्या.

भरण्याच्या मालात सगळ्यात जास्त चुका होतात. त्या काळच्या गोलकीपर पॅडमध्ये हरणाचे केस, नमदा आणि कापोक भरत. कापोक हा सावरीच्या जातीच्याच झाडाचा तंतू. सातपुड्याच्या पायथ्याला काटेसावर भरपूर आहे, उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात आणि उशीत घालायचा कापूस बाजारात येतो. हा तंतू हलका असतो, त्याला मेणचट अंग असल्याने घाम लवकर शोषत नाही. पण नुसती सावर भरली तर लोड उशीसारखा दबतो. नुसती रुई भरली तर लोड घट्ट होतो, पण घामाने जड होतो आणि महिन्याभरात गोळे धरतो. म्हणून दोन भाग रुई, एक भाग सावर असं मिश्रण हातानेच मोकळं करून घ्या.

रुई पिंजाऱ्याकडून किंवा गादीवाल्याकडून पिंजून घ्या. शेतातला कापूस घरीच हाताने वेचून भरू नका. सरकीचे तुकडे आत राहतात, ते आतून टोचतात, त्यांच्या तेलाचा डाग कॅनव्हासवर उमटतो आणि सरकीच्या वासाने उंदीर पहिल्याच पावसाळ्यात पॅड कुरतडतात. यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीचा वाळलेला पाला फुकट मिळतो म्हणून तो भरण्याचा मोह होतो. तो दहा-पंधरा फटक्यांत भुगा होऊन खाली बसतो. जुन्या गादीतला कापूस चालतो, मात्र दोन दिवस कडक उन्हात घालून पुन्हा पिंजलेला असावा.

लोड शिवणं

पॅड जमिनीवर उताणा पसरून सगळ्यात अरुंद जागी त्याची रुंदी मोजा. मोठ्या मुलांच्या पॅडला ती बहुधा ७ ते ८ इंच भरते. ११ मधून ती वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा, म्हणजे लोडाची जाडी मिळेल. पॅड ७ इंचांचा असेल तर लोड २ इंचांचा. खालची सगळी मापं २ इंची लोडाची आहेत.

लोडाची लांबी पॅडच्या लांबीपेक्षा ४ इंच कमी ठेवा. वर २ इंच, खाली २ इंच. वर मोकळं न सोडल्यास वाकताना लोड मांडीत रुततो. खाली न सोडल्यास पॅड बुटावर वळत नाही आणि पायापासून पुढे झुकून उभा राहतो. २६ इंची पॅडला २२ इंचांचा लोड आला.

कॅनव्हासच्या ९ इंच रुंद आणि २५ इंच लांब अशा चार पट्ट्या कापा. एक पट्टी लांबीत दुमडा आणि कडेपासून सव्वा इंच आत शिवण घाला. म्हणजे साडेसहा इंच घेराची नळी तयार होते आणि बाहेर सव्वा इंचाची दुहेरी झालर उरते. ही झालर कापून टाकू नका, लोड पॅडला याच झालरीने जोडायचा आहे. नळीचं एक तोंड शिवून बंद करा. शिवण घरच्या मशीनवर बसत नसेल तर कुशनवाल्याकडून मारून घ्या, त्याच्या मशीनची सुई जाड असते.

आता भरणं. मूठ-मूठ माल घालायचा आणि लाकडी दांड्याने, लाटणंही चालेल, प्रत्येक मुठीला दहा-बारा ठोके द्यायचे. एकदम कोंबला तर मधे पोकळी राहते आणि नेमका तिथेच लोड मोडतो. एका लोडात १३० ते १५० ग्रॅम माल बसला पाहिजे. शंभरात भरला तर ठोकणं कमी पडलंय. भरून झाल्यावर लोड दोन टोकांना धरून वाकवून बघा. तो कष्टाने वाकावा आणि सोडल्यावर सरळ व्हावा. गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर, म्हणजे खालच्या टोकापासून साधारण ४ इंचांवर, दाभणाने लोडातून आरपार दोन टाके घेऊन कच्चून बांधा. लोड तिथेच वाकायला शिकतो. हे टाके राहून गेले तर पॅड स्केटवर बसत नाही, फळकुटासारखा उभा राहतो.

लोड पॅडला जोडणं

या कामात घाई करू नका. आतला आणि बाहेरचा लोड एका पातळीवर बसवायचे नाहीत. पायाच्या बाहेरच्या बाजूचा लोड पॅडच्या तोंडापेक्षा, म्हणजे समोरच्या बाजूपेक्षा, अर्धा इंच पुढे आलेला हवा. बॉल बाहेरच्या बाजूला घसरला की या लोडाला थडकून समोरच पडतो. आतला लोड मात्र पॅडच्या तोंडाशी सपाट ठेवा, नाहीतर गुडघे जवळ आणताना दोन लोड एकमेकांना अडतात आणि मधली फट बंदच होत नाही. अर्थात यामुळे डावा आणि उजवा पॅड वेगळा होतो. शिवण्याआधी दोन्हींवर खडूने डा आणि उ लिहून ठेवा.

झालर पॅडच्या मागच्या बाजूला, कडेच्या आत घ्या. आधी सोल्युशनने चिकटवून जागेवर धरा, मग आरीने भोकं पाडून शिवा. टाक्यांच्या दोन ओळी हव्यात, त्यांत अर्धा इंच अंतर. एकाच ओळीवर भागवलं तर ती बिजागरीसारखी वागते आणि पहिल्याच जोरदार फटक्यात लोड मागे वळतो. लोड मागे वळला की पॅड पुन्हा गोल झाला आणि सगळा खटाटोप वाया गेला. सोल्युशनवर भरवसा ठेवू नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, बंद गाडीत ठेवलेल्या पॅडचं सोल्युशन त्या उन्हात पातळ होऊन सुटतं. धरून ठेवायचं काम दोऱ्याचंच.

दोऱ्याचा टाका ८ ते १० मिलिमीटरचा घ्या. बारीक टाका दिसायला सुबक असतो, पण कॅनव्हासपेक्षा रेक्झिनला त्याचा त्रास होतो. जवळजवळ भोकं पडली की रेक्झिन त्याच रेषेत फाटतं.

दोन्ही लोड बसले की पॅडच्या तोंडावर उभ्या पट्ट्यांमधल्या खाचा दिसतील. खाचेत लागलेला बॉल कुठल्याही दिशेला उडतो. गुडघ्याच्या पट्टीच्या खालून घोट्यापर्यंत नमद्याचा किंवा शीटचा तुकडा चिकटवा आणि चारी कडांना मोठे टाके घाला. गुडघ्यावरून तो नेऊ नका, पाय वाकणार नाही. त्यावर रेक्झिन: १७ इंच रुंद, पॅडपेक्षा २ इंच लांब. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी लोडांवरून ओढत मागे न्या आणि मागच्या शिवणीत अडकवा. थोडं ऊन दाखवल्यावर रेक्झिन ओढायला सोपं जातं. पण ताणून ड्रम करू नका. ताणलेलं तोंड बॉल परत फेकतं, आपल्याला तो मेल्यासारखा खाली पडायला हवा आहे.

पट्टे आणि तपासणी

चार पट्टे: बुटावरून, घोट्यावर, पोटरीवर, गुडघ्यामागे. सगळी बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला. आत आली तर एका पायाचं बकल दुसऱ्याच्या लोडात अडकतं आणि मूल तोंडावर पडतं. खालचे दोन पट्टे घट्ट, पोटरीचा बेताचा, गुडघ्यामागचा दोन बोटं आरामात जातील इतका सैल. उलटं केलं, वर घट्ट आणि खाली सैल, तर पॅड पायाभोवती फिरतो. पट्टा पॅडच्या पाठीवर नुसता वरवर शिवू नका. चामड्याचा ३ इंचांचा तुकडा खाली घालून त्यावर चौकोनी शिवण आणि मधे फुली मारा. ओढ सगळी तिथेच येते.

तयार पॅडचं वजन करा. एक पॅड दोन किलोच्या आत हवा. जास्त भरला तर बहुतेक वेळा रेक्झिन फार जाड घेतलेलं असतं.

मग पॅड जमिनीवर उताणा ठेवून १ मीटर उंचीवरून त्यावर टेनिस बॉल सोडा. सिमेंटवर नवा टेनिस बॉल निम्म्याहून थोडा वर उसळतो. पॅडवर तो २५-३० सेंटीमीटरपेक्षा वर येता कामा नये. जास्त उसळला तर रेक्झिन सैल करा किंवा शीट काढून नमदा घाला. दुसरी तपासणी पॅड बांधून करायची. दहा फुटांवरून बॉल हाताने जमिनीलगत, तिरका, बाहेरच्या लोडावर फेका. दहांपैकी सात-आठ वेळा तो पॅडच्या समोर पडला तर लोड बरोबर बसला. मागे जात असेल तर बाहेरचा लोड पुरेसा पुढे आलेला नाही, त्याची शिवण उसवून पुन्हा घाला. आळस करून तसंच चालवू नका, सरावाने तो दोष जात नाही.

डोकं, हात, बाकीचं अंग

आइस हॉकीचे सुरुवातीचे व्यावसायिक गोलकीपर तोंडावर काहीही घालत नसत. जानेवारी १९३० मध्ये मॉन्ट्रियल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्धी खेळाडू हॉवी मॉरेन्झचा फटका बसला, आणि फेब्रुवारीत तो चामड्याचा मुखवटा घालून परतला. एनएचएलमधला तो पहिला मुखवटा. थोड्याच सामन्यांत त्याने तो काढून टाकला, कारण नाकावरच्या भागामुळे खालून येणारी पक दिसेना. नियमित मुखवटा त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला, १ नोव्हेंबर १९५९ ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर जाक प्लांटने घातला तेव्हा.

चामड्याचा मुखवटा घरी करण्याचा उद्योग करू नका. क्रिकेटचं हेल्मेट वापरा, आणि बॉल हातात घेऊन जाळीच्या प्रत्येक फटीत दाबून बघा. हेल्मेट क्रिकेटच्या बॉलसाठी बनवलेलं असतं आणि टेनिस बॉल त्याहून लहान असतो व दबतोही. जाळी आणि वरची टोपी यांच्यातली फट सगळ्यात दगाबाज. ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर जाळी वर सरकवून स्क्रू पक्के करा. सरकत नसेल तर ते हेल्मेट गोलकीपरला देऊ नका. अ‍ॅब्डॉमिनल गार्ड आणि छातीचं गार्ड क्रिकेटचंच चालतं. बॉल पकडायच्या हातात यष्टिरक्षकाचा ग्लोव्ह, स्टिकच्या हातात फलंदाजाचा. यात सूट नाही, सराव पाच मिनिटांचा असला तरी.

हे पॅड घालून उभं कसं राहायचं

पॅड आणि खेळण्याची ढब एकमेकांना धरून असतात. आजचे आइस हॉकी गोलकीपर गुडघे टेकून पाय बाजूंना पसरतात, त्यांचे पॅड त्यासाठीच घडवलेले आहेत. आपले पॅड केनेस्कीच्या काळचे आहेत, त्यांना उभं राहूनच खेळावं लागतं. गुडघा टेकला की लोड फिरतो आणि गुडघ्याची आतली बाजू उघडी पडून सिमेंटवर आदळते.

त्या काळी उभं राहणं हा नियमही होता. एनएचएलचा पहिला हंगाम १९१७-१८ मध्ये सुरू झाला तेव्हा बॉल, म्हणजे पक, अडवण्यासाठी मुद्दाम खाली पडणाऱ्या गोलकीपरला दोन डॉलर दंड होता. ऑटावा सेनेटर्सचा हाच बेनेडिक्ट 'चुकून' इतका वारंवार पडायचा की प्रेक्षक त्याला प्रार्थना करणारा बेनी म्हणू लागले. शेवटी जानेवारी १९१८ मध्ये लीगने नियमच बदलला. मात्र त्या काळात पुढे पास देण्यावर कडक बंधनं होती, ती बव्हंशी १९२९-३० च्या हंगामात उठली. आधी फटका येणार कुठून हे गोलकीपरला दिसत असे, म्हणून उभा राहूनही त्याचं निभावत असे. तुमच्या सरावातही पहिले काही आठवडे हाच नियम लावा: बॉल घेऊन येणाऱ्याने स्वतःच फटका मारायचा, गोलसमोर आडवा पास द्यायचा नाही. नव्या गोलकीपरला उभं राहणं आणि कोन धरणं शिकायला तेवढी सवलत लागते.

जॉर्ज व्हेझिनाचं उदाहरण इथे कामाचं आहे. क्वेबेकमधल्या शिकुटिमी गावचा हा गोलकीपर लहानपणी बर्फावरही बुटांतच उभा राहायचा, स्केट्स त्याने विशी जवळ आल्यावर घातले. १९१० मध्ये तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून व्यावसायिक खेळू लागला आणि २८ नोव्हेंबर १९२५ पर्यंत एकही सामना चुकला नाही: लीगचे ३२८ आणि प्लेऑफचे ३९. १९१६ आणि १९२४ चे स्टॅनली कप त्यातलेच. त्या शेवटच्या सामन्यात तो ताप अंगात असताना उतरला आणि पहिल्या सत्रानंतर त्याला बाहेर जावं लागलं. क्षयाने २७ मार्च १९२६ रोजी तो गेला. तेव्हा संघाकडे राखीव गोलकीपर नसायचा, म्हणून सलग खेळणं ही नोकरीची अटच होती असं म्हणता येईल. आजच्या मुलाला ताप असेल तर घरी ठेवा.

व्हेझिनाची खासियत स्टिक. तो शांतपणे उभा राहून पक स्टिकने कोपऱ्यात वळवायचा. आपल्या गोलकीपरलाही आधी हेच शिकवा, स्केट्सशिवाय. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले, वजन चवड्यांवर. स्टिकचं पातं बुटांच्या पुढे ६ ते ८ इंचांवर जमिनीला टेकलेलं, पॅडला चिकटून नाही. चिकटलं तर बॉल स्टिकवर लागून पॅडवर आणि पॅडवरून परत स्टिकवर असा नाचतो आणि शेवटी दोन पायांतून जातो. अंतर असलं की पातं मागे झुकून बॉलला झेलतं.

कोन शिकवायला सुतळीसारखं साधन नाही. आइस हॉकीचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो, तेवढीच चौकट करा. दोन्ही खांबांना एकेक सुतळी बांधा आणि दोन्हींची टोकं २० फुटांवर फटका मारणाऱ्याच्या पायाशी एकत्र धरा. गोलकीपर गोलरेषेवर उभा असेल तर त्याला ६ फूट झाकायचे आहेत. तो ५ फूट पुढे आला की दोन सुतळ्यांमधलं अंतर साडेचार फूट उरतं. ११ इंचांचे दोन पॅड मिळून २२ इंच, वर स्टिक आणि दोन हात. मुलाला हे आकडे सांगायची गरज नाही, सुतळी दोन्ही बाजूंना पॅडच्या किती जवळ आली ते त्याला स्वतःच दिसतं. मग फटका मारणारा डावीकडे सरकतो, सुतळ्या फिरतात, आणि गोलकीपर दोन्हींच्या मधोमध राहील असा छोट्या पावलांनी सरकतो. पाय कधी जुळवायचे नाहीत आणि ओलांडायचेही नाहीत. बॉल न मारता हे दहा मिनिटं रोज. फटके त्यानंतर, आधी हाताने जमिनीलगत फेकून, मग स्टिकने. १५ फुटांच्या आतून जोरात मारायला सुरुवातीला बंदी.

स्केट्स घालायची वेळ आली की लक्षात येईल, उंची दोन-अडीच इंचांनी वाढली आणि पॅडचं खालचं टोक जमिनीपासून तेवढंच वर गेलं. खालून बॉल सुटायला लागतो. म्हणून बुटावरचा पट्टा एक भोक सैल करून पॅड खाली उतरवा आणि गुडघा अजून पट्टीत बसतो ना ते पुन्हा बघा. दोन्ही जमत नसेल तर पॅडच्या तळाला कॅनव्हास-रेक्झिनची ३ इंचांची जीभ शिवा, आत फक्त नमदा.

देखभाल

खेळ झाल्यावर पट्टे सोडून पॅड सावलीत, उभे, भिंतीला टेकवून वाळवा. दुपारच्या उन्हात टाकले तर रेक्झिन कडक होऊन गुडघ्याच्या घडीत चिरतं; एप्रिल-मेमध्ये कोर्ट सकाळी सात-साडेसातपर्यंतच वापरता येतं, त्यामुळे वाळवायला अख्खा दिवस मिळतोच. आडवे एकावर एक ठेवले तर बाहेरचा लोड दबून आतल्याच्या पातळीला येतो. महिन्यातून एकदा मागच्या शिवणी बोटांनी चाचपा, सुटलेला एक टाका त्याच दिवशी घाला. पावसाळ्यात खेळ बंद असेल तर पॅड कापडी पिशवीत घालून कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह खुंटीला टांगा. जमिनीवर ठेवले तर वाळवी, माळ्यावर ठेवले तर उंदीर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या पॅडमधली रुई ओल धरून कुबट होते, आणि तो वास पुन्हा जात नाही. लोड उसवून माल बदलावाच लागतो.

वर्षभराच्या खेळानंतर लोड गुडघ्याच्या उंचीवर पातळ होतो. सगळा उसवू नका. वरच्या टोकाची शिवण चार इंच उघडा, ३०-४० ग्रॅम नवा माल दांड्याने खाली ढकला आणि पुन्हा शिवा. त्यानंतर बॉल सोडून उसळीची तपासणी परत करा, कारण नव्या भरणीने तोंड ताणलं जातं.